माळ्यावरची गप्प भिंत

३ मार्च, सोमवार

जिन्याखालची डबी आज पुन्हा बंद पडली. गेल्याच महिन्यात नवे सेल घातले होते. कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलंय – दोन वर्षं बघावं लागत नाही! ते पत्रक लिहिणारी मीच.

ऑफिसातून आले ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून पायरीवर बसले आणि सेल बदलले. सोसायटीचे सेक्रेटरी वरून उतरत होते. "परत?" एवढंच म्हणाले. त्या एका शब्दात काय काय भरलं होतं ते मुकाट्याने ऐकून घेतलं.

कशाला हो म्हटलं, असं रोज वाटतं. शेजारच्या प्लॉटवर खोल खड्डा खणला आणि आमच्या इमारतीला तडे गेले. पाहणीला आलेल्या इंजिनिअर बाई म्हणाल्या, टेकू लावेपर्यंत राहायला हरकत नाही, पण तड्यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. एखादा वाढायला लागला तर सामान आवरत बसू नका. आता लक्ष कोण ठेवणार? सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी बिनतारी सेन्सरच्या कंपनीत ना! साहेबांनी गिऱ्हाइकांकडून परत आलेला जुना माल दिला – "तुझ्याच घरात चाचणी होऊन जाईल."

तर आता प्रत्येक तड्यावर एक डबी. साबणाच्या वडीएवढी. तिचे दोन पाय तड्याच्या दोन बाजूंना चिकटवलेले. तडा रुंदावला की पाय फाकतात, डबीला कळतं. तिचा आवाज लहान, फार तर एक मजला ओलांडतो. म्हणून ती शेजारणीला सांगते, शेजारीण पुढचीला, असं करत निरोप मीटरच्या खोलीतल्या मुख्य पेटीत. तिथून माझ्या फोनवर. कागदावर झकास दिसतं. भिंतीवर सेल मरतात.

५ मार्च

नानांनी आज स्वतः चहा केला. ओट्यावर एक थेंब नाही.

सासऱ्यांचं आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलं. लोकांचे नंबर काढले, काचा घासल्या, आणि आता त्यांनाच दिसत नाही. उजव्या डोळ्याला उजेड-अंधार कळतो, डाव्याला तेवढंही नाही. पण या घरात ते कुणाला पत्ता लागू देणार नाहीत. हाताची बोटं भिंतीला लावून चालतात. पलंग, कपाटाचा कोपरा, दाराची चौकट, मोरी – सगळं बोटांना पाठ. लोखंडी शिडीवरून माळ्यावरसुद्धा चढतात, दुकानातल्या जुन्या फ्रेमांची खोकी चाचपायला. ओरडून उपयोग होत नाही.

मागच्या वर्षी नणंदेकडे नेलं होतं, हवापालट म्हणून. तिथे मोरी शोधता शोधता दाराबाहेर गेले आणि जिन्यात बसून राहिले. परत कुठल्या दारातून जायचं ते कळेना. नंतर त्यांनी जेवणच कमी केलं, म्हणजे उठायला नको. नणंदेने रडत फोन केला. परत आणलं तेव्हा शर्टात माणूस शोधावा लागत होता. तेव्हापासून नवऱ्याचं एकच – नानांना आता कुठेही हलवायचं नाही.

 

९ मार्च, रविवार

दिवसभर एक डबी टेबलावर उघडून बसले, मीटर लावून. ऑफिसात हेच, घरी हेच.

उत्तर मला माहीत होतं, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की वाईट वाटतं. डबी बोलते तेव्हा सेल खर्च होतो, हे कुणालाही पटेल. पण ती ऐकत बसते तेव्हाही जवळजवळ तेवढाच खर्च होतो. आणि ही बया बोलते क्षणभर, ऐकत बसते कितीतरी वेळ! कुणी हाक मारेल म्हणून कान टवकारून. कुणी मारत नाही.

जिन्याखालचीची गत सगळ्यांत वाईट. ती मुख्य पेटीच्या जवळ, म्हणून वरच्या सगळ्यांचे निरोप तिच्यातूनच जातात. स्वतःचं काम थोडं, दुसऱ्यांचं ओझं फार. ह्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे तू."

हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

१२ मार्च

पाय दुखतात. बाकी काही लिहायचं नाही.

१६ मार्च, रविवार

सगळ्या डब्यांना पाळ्या लावून दिल्या. आता सगळ्या झोपतात. ठरल्या वेळी दोघी-दोघी जाग्या होतात, एक सांगते, दुसरी ऐकते, परत झोप. त्यांची घड्याळं थोडी मागेपुढे होतात, म्हणून ऐकणारी जरा आधीच उठून बसते. जिन्याखालचीचं ओझंही वाटून दिलं – एक दिवस ती, एक दिवस कोपऱ्यावरची. सेक्रेटरींना हे समजावलं तर ते म्हणाले, "वा! आमच्या जिना झाडायच्या पाळ्यांना मात्र यश येत नाही. तुमच्या डब्यांना एकदा मीटिंगला बोलवा."

तळमजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंचं निराळंच. त्यांच्या भिंतीवरची डबी दिवसा सतत ओरडायची – तडा हलला, तडा हलला! मी घाबरून खाली गेले. काकू मशीनवर बसून पडदे शिवत होत्या. मशीन भिंतीला टेकलेलं. पाय मारला की भिंत थरथरते, डबीला वाटतं झालं, पडली इमारत. "तुझ्या डबीला माझं शिवणं आवडत नाही का गं?" काकूंनी विचारलं. आता डबी पाच-सहा वेळा मापून, खात्री करून मगच तोंड उघडते.

संध्याकाळी ह्याला आणि नानांना जेवताना सगळं सांगत बसले. सेल काढून परत घातला की डबी जुनं विसरते, आहे त्या जागेला शून्य धरते आणि नव्याने मोजायला लागते, म्हणून उगाच कुणी हात लावू नका, असंही सांगितलं. दोघंही मन लावून ऐकत होते. मला बरं वाटलं. माझं काम कुणी मन लावून ऐकत नाही सहसा.

२१ मार्च, शुक्रवार

साहेबांना आकडे दाखवले. खूश झाले, पण पोट भरलं नाही. "पाच वर्षं आणून दाखव, मग पूल, धरण, सगळीकडे आपणच." मग त्यांनीच तोडगा सुचवला – बदल नसेल तर डबीने बोलायचंच नाही. तडा जैसे थे, तर कळवायचं कशाला? रोज उठून "काही नाही, काही नाही" सांगण्यात सेल फुकट जातो.

बरोबर आहे. मी स्वतः हेच कधीपासून म्हणत होते. तरी त्यांच्या तोंडून ऐकल्यावर आवडलं नाही.

हा आठवडा रोज दुपारी ऑफिसातूनच डब्यांमध्ये नवा प्रोग्रॅम भरतेय. एक सुरू होते, दुसरी बंद पडते, परत शून्यापासून. डोकं भणभणलंय.

२९ मार्च

शांत. फोनवर दिवसभरात एखाद-दुसरा निरोप. सगळ्या डब्या झोपल्यात आणि सेल जसेच्या तसे.

सगळ्यांत गुणी आमच्याच घरातली, नानांच्या खोलीत माळ्याच्या मागच्या भिंतीवरची. आठवडाभर एक अक्षर नाही. सुरुवातीला तो तडा बघून मला सगळ्यांत जास्त धास्ती वाटली होती – छतापासून माळ्याच्या फळीपर्यंत तिरका गेलेला. आता बघा, तोच सगळ्यांत शहाणा. नानांना सांगितलं, तुमची भिंत अगदी शांत आहे. हा म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो ना." मग उठून हात धुवायला गेला.

इंजिनिअर बाईंचा फोन आला होता. टेकूंचं काम लांबलंय. आकडे ठीक असतील तर राहा म्हणाल्या. आकडे ठीक आहेत म्हणून सांगितलं.

७ एप्रिल

गच्चीवरच्या टाकीखालची डबी मेलेली आहे. कधीची, देव जाणे.

पाणी टपकत होतं म्हणून सेक्रेटरींनी वर बोलावलं. सहज डबी उघडली तर आत पाणी, सेल गंजलेले. आणि मी इकडे खुशाल – टाकी बोलत नाही म्हणजे टाकी ठीक! गप्प असणं आणि मेलेलं असणं, माझ्या फोनवर दोन्ही सारखंच दिसतं. एवढी साधी गोष्ट! नवशिक्या पोरीला मी या चुकीबद्दल घरी पाठवलं असतं.

गच्चीवरच उन्हात बसून राहिले. सेक्रेटरी म्हणाले, चला खाली, चक्कर येईल.

८ एप्रिल

साहेबांशी वाजलं. मी म्हटलं, प्रत्येक डबीने दिवसातून काही वेळा हजेरी द्यायची – मी आहे, माझ्या सेलात इतकं उरलंय, आणि माझं माप इतकं. बदल असो नसो. साहेब म्हणाले, पाच वर्षांची तीन होतील. म्हटलं, होऊ देत. म्हणाले, गिऱ्हाइकाला काय सांगू? म्हटलं, सांगा की भिंतीखाली माणसं राहतात.

नंतर वाटलं, एवढं तोडून बोलायला नको होतं. पण हजेरी घातली. माझ्या इमारतीपुरती तरी घातली.

१४ एप्रिल, सोमवार

हजेरीमुळे आता रोजची मापं दिसतात, बारीकसारीकसुद्धा. आधी ती आम्ही फेकूनच देत होतो. गंमत आहे – इमारत श्वास घेते! दुपारी ऊन चढलं की भिंती तापतात, फुगतात, तडे किंचित मिटतात. संध्याकाळी गार झाल्या की पुन्हा उघडतात. रोज तसंच. घाबरण्यासारखं काही नाही, केसाइतकंसुद्धा नाही. काकूंची भिंत, जिना, गच्ची – सगळ्यांच्या रेषा लाटांसारख्या वरखाली.

ह्याला दाखवायला फोन नेला. पेपर तपासत होता. "छान आहे," म्हणाला, मान वर न करता. वार्षिक परीक्षेचे गठ्ठे आले की हा माणूस नकाशातच बुडतो. भूगोलाच्या मास्तराशी लग्न केलं की दुसरं काय होणार.

१७ एप्रिल

माळ्यावरची रेष सरळ आहे. अगदी पट्टीने ओढल्यासारखी.

आधी वाटलं, खोलीत गारवा असेल. पण ती तर पश्चिमेची भिंत, दुपारभर ऊन तिच्यावरच. मग वाटलं, डबी बिघडली. पण हजेरी वेळेवर, सेल ठणठणीत. तडा गेलेली भिंत एवढी निश्चल राहत नाही. डबी जणू काहीच न झालेल्या भिंतीवर बसली आहे.

रविवारी वर चढून बघते. आज अंगात त्राण नाही.

२१ एप्रिल, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज नणंदेच्या घरी, तिच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून लिहितेय.

काल सकाळी जेवणं व्हायच्या आधीच शिडी चढले. माळ्यावर खोकी होती, ती सरकवली. डबी होती जागेवर – म्हणजे मला आधी तसंच वाटलं. मग लक्षात आलं, मी ती इथे लावली नव्हती. वीतभर डावीकडे होती. दोन्ही पाय धडधाकट प्लास्टरवर, मध्ये तडाच नाही. व्यवस्थित चिकटवलेली, माझ्यापेक्षा व्यवस्थित. आणि जुन्या जागेवर एक खोकं उभं टेकवलेलं. ते ओढलं.

माझं बोट आत गेलं. पेरापर्यंत. पलीकडची हवा बोटाला लागली.

खाली कशी उतरले आठवत नाही. डबी हातात होती. नाना पलंगावर बसलेले. हा दारात उभा, हातात टॉवेल. मी काही विचारण्याआधीच नाना म्हणाले, "मी हलवली. चाचपून केलं. मला इथून जायचं नव्हतं."

मी ओरडले नाही. ओरडायला श्वास लागतो. एवढंच म्हणाले, "खाली काकू राहतात, नाना. त्यांच्या अंगावर आली असती ही भिंत."

"हो," नाना म्हणाले. "आली असती."

पुढचं सगळं पटापट झालं. इंजिनिअर बाईंना फोन. त्यांना मी बोटाचं सांगितलं, तर त्या "बाहेर पडा" एवढंच म्हणाल्या. सेक्रेटरींनी प्रत्येक दारावर थापा मारल्या. कुणी गॅसवरचं दूध तसंच ठेवून आलं, कुणी एका पायात चप्पल. काकू मशीन सोडायला तयार नव्हत्या. ह्याने आणि सेक्रेटरींनी मिळून ते उचललं आणि रस्त्यावर आणून ठेवलं. नानांना ह्याने हाताला धरून उतरवलं. बिल्डिंगच्या दारातून बाहेर पडताना नानांनी चौकटीवर हात ठेवला, क्षणभर. मी बघितलं आणि तोंड फिरवलं.

२४ एप्रिल

आज दुपारी मागची भिंत पडली. आमची मागची खोली, माळा, नानांचा पलंग – सगळं काकूंच्या मागच्या खोलीत. आत कुणी नव्हतं. कुणालाही काही झालं नाही.

काकू फोनवर म्हणाल्या, "मी रोज जेवून तिथेच आडवी होते गं." बोलतानाही मशीनचा आवाज येतच होता. बहिणीच्या घरी बसून शिवताहेत.

२७ एप्रिल, रविवार

इमारतीसमोर सगळे जमलो होतो. पालिकेने दोर बांधलाय, आत जाता येत नाही. इंजिनिअर बाई समजावत होत्या – उरलेला भाग उतरवावा लागेल. मग वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी विचारलं, जे विचारणारच होते: एवढा तडा वाढला तर तुमची डबी आधी का नाही बोलली?

मी तोंड उघडलं, पण नाना पुढे झाले. काठी टेकत. म्हणाले, डबी मी हलवली होती, सुनेचा काही दोष नाही, तिनेच शोधून काढलं. सेक्रेटरी, जे एरवी दर वाक्याला विनोद करतात, त्यांनी नुसतं तोंड वळवलं. एकजण म्हणाला, म्हातारपणी माणसाला आपल्यापुरतंच दिसतं. कुणीतरी म्हणालं, यांना तर तेवढंही दिसत नाही. नाना ऐकत उभे. हा त्यांच्या बाजूला, खाली बघत.

काकूंनी फक्त नानांचा हात धरून बाकावर बसवलं. त्यांचा जीव जाता जाता राहिला, आणि त्याच बसवतात. मला ते जमलं नसतं. जमत नाहीये.

४ मे

भाड्याच्या दोन खोल्या मिळाल्या. रंगाचा वास, नळाला धार नाही, खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची भिंत. चालेल.

नाना पलंगावरून उठत नाहीत. ह्याने पलंगापासून मोरीपर्यंत सुतळी बांधली, खुर्च्या बाजूला केल्या, रोज त्यांना हात धरून फिरवतो – इथे दार, इथे उंबरा, इथे वळायचं. बाहेरून आला की आधी तेच. त्यांची नखं कापतो, पाठ चोळतो. मी बघते. पोळ्या लाटते, ताट त्यांच्यापुढे ठेवते, भात कुठे आणि भाजी कुठे ते सांगते. तेवढंच. बाकी बोलत नाही. रागही धड येत नाही, नुसता थकवा येतो. ज्या माणसाला आपण रोज चहा देत होतो त्याने आपल्याला झोपेत त्या भिंतीखाली राहू दिलं, हे रोज सकाळी नव्याने कळतं.

साहेबांना ही सगळी हकिगत माहितीपत्रकात हवी आहे. "सेन्सरमुळे बचावले अनेक जीव." म्हटलं, सेन्सर तर एका गुळगुळीत भिंतीवर आरामात झोपला होता. आम्ही वाचलो ते हजेरीमुळे, जी तुम्हाला नको होती. साहेब म्हणाले, तेही लिहू की!

आता सगळ्या मालात हजेरी घालायचं ठरलंय. तीन वर्षं तर तीन वर्षं. जिंकले म्हणायचं. झोप येतेय.

१० मे

नाना आज दुपारी मोरीत पडले. फार लागलं नाही, कोपर खरचटलं. मी रजेवर घरी होते. उचलून बसवलं, औषध लावलं. ते म्हणाले, "तुला त्रास." मी म्हटलं, "असू दे." इतक्या दिवसांतलं आमचं सगळ्यांत मोठं संभाषण.

हा आला, त्याला सांगितलं. खुर्चीत बसला आणि बराच वेळ बूटच काढले नाहीत.

१३ मे

ह्याने विचारलं, तू नानांशी कधी बोलणार? म्हटलं, माहीत नाही. म्हणाला, त्यांचं वय बघ. म्हटलं, वय काकूंचंही आहे. तो उठून नानांची सुतळी घट्ट करायला गेला. मला वाटलं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं.

१८ मे, रविवार

जेवणं झाली. मी भांडी घासत होते, हा पुसत होता. पुसता पुसताच म्हणाला, "डबी नानांनी नाही, मी हलवली होती. तू नवा प्रोग्रॅम भरत होतीस त्या आठवड्यात एकदा शाळा लवकर सुटली होती. मला वाटलं, टेकू येईपर्यंतचाच प्रश्न आहे. तू शिडीवरून उतरलीस तेव्हा मी सांगणार होतो. ते माझ्या आधी बोलले."

ताट पुसून झालं होतं, तरी पुसतच राहिला.

मधलं दार उघडं होतं. पलीकडे नानांनी चाचपत रेडिओ शोधला आणि मोठा केला.